कथकवर पोट भरेल का?

“मॅडम, तिनं नाचू नये असं नाही. पण पोट भरेल का त्यावर?”

मी करिअर समुपदेशक; पुण्यात बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. या वेळी विचारणारे वडील बँकेतले. शेजारी मान खाली घालून बसलेली मुलगी गांधर्व महाविद्यालय मंडळाची ‘मध्यमा पूर्ण’ ही कथकची परीक्षा झालेली, त्यापुढच्या विशारदची तयारी करणारी. तिला बीकॉम नको होतं. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात कथक घेऊन पदवी करायची होती. घरात तीन आठवडे अबोला. माझ्यासमोरही तेच, “यांना सांगा”, “हिला समजवा”.

मी दोघांना एकेक कागद दिला. दहा वर्षांनंतरचा हिचा साधा मंगळवार लिहा.

वडिलांनी लिहिलं, ‘घरी. कार्यक्रमाची वाट बघत.’ मुलीनं लिहिलं, ‘संध्याकाळी कार्यक्रम. हाउसफुल.’

म्हणजे नर्तकीला रंगमंचापलीकडे काही असतं हे दोघांच्याही गावी नव्हतं.

मग तिला गृहपाठ दिला. गेल्या वर्षी कार्यक्रम किती झाले, वर्ग किती घेतले, हातात काय उरलं, हे गुरूंना विचारून ये. विचारायला तिला चार दिवस लागले. गुरूंकडे पैशाचा विषय काढणं तिला उद्धटपणाचं वाटत होतं. कलेच्या बहुतेक विद्यार्थ्यांचं हेच होतं आणि पुढे ते त्यांना महागात पडतं. गुरूताईंनी मात्र आडपडदा ठेवला नाही. तबला, हार्मोनियम, गायन, पढंत (नाचाचे बोल म्हणणं) यांची बिदागी, पोशाख, प्रवास असं सगळं वजा जाता दोन कार्यक्रमांना पदरचे घालावे लागले होते. घर चालत होतं ते शिकवण्यावर.

हे सांगताना मुलीला रडू आलं. वडील “बघ, मी म्हटलं नव्हतं?” म्हणतील असं वाटलं होतं; ते गप्प राहिले.

“लहान मुलींना कोण शिकवतं तिथे?” मी विचारलं.

“प्रारंभिकचा, म्हणजे पहिल्या परीक्षेच्या मुलींचा, तत्कार मीच घेते. पायांचे पहिले बोल.” आणि डोळे पुसायचं विसरून ती सांगायला लागली. एक चिमुरडी म्हणे नवव्या मात्रेला, म्हणजे जिथे टाळी नसते त्या ‘खाली’ला, हात सोडायचा तर रोज ठणकावून टाळीच देते. टेबलावर हात आपटत हिनं करून दाखवलं, ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. सोळा मात्रा संपून समेवर, म्हणजे पुन्हा पहिल्या मात्रेवर आली, तेव्हा वडिलांचं बोटही खुर्चीच्या हातावर पडलं. दहा वर्षं वर्गाबाहेर स्कूटरवर बसून लहरा, ती तालाबरोबर फिरत राहणारी धून, ऐकलेला माणूस!

तुमच्याकडेही हा वाद चालू असेल, तर बक्षिसं आणि टक्के जरा बाजूला ठेवा. मुलीला शिकवायला आवडतं का, हे आधी बघा. तिला आवडत होतं, म्हणून पुढचं बोलणं सोपं झालं. पदवी कथकचीच करायची, दुसऱ्या वर्षापासून स्वतःची छोटी बॅच. संस्कृती मंत्रालयाच्या तरुण कलाकारांसाठीच्या शिष्यवृत्तीलाही अर्ज करायचा. ती १८ ते २५ वयाला असते, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. त्यात संसार होत नाही, पण तबलजींना बोलावून रियाज करता येतो. शिवाय ती मिळेलच असं धरून चालायचं नाही, हेही मी बजावलं.

वडिलांनी एकच अट घातली.

“बॅचच्या फीची वही मी लिहिणार. ही कुणाकडे पैसे मागायची नाही, मला माहीत आहे.”