‘प्राउड’ : अभिमानी की गर्विष्ठ?

प्रश्न : मुलीने इंग्रजी निबंधात ‘आय अ‍ॅम प्राउड ऑन माय फादर’ असं लिहिलं. बाईंनी ‘ऑन’ खोडून ‘ऑफ’ केलं. पण तिच्याच पुस्तकात ‘शी प्राइड्स हरसेल्फ ऑन हर कुकिंग’ असं वाक्य आहे. तिथे ‘ऑन’ कसं चालतं? शिवाय ‘प्राउड’ हा शब्द चांगल्या अर्थाचा समजायचा की वाईट?

उत्तर : बाईंची दुरुस्ती बरोबर आहे आणि पुस्तकातलं वाक्यही. ‘प्राउड’ हे विशेषण आहे, त्याच्यापुढे ‘ऑफ’ येतं. ‘प्राइड’ नाम म्हणून आलं तर ‘इन’ : ‘टेक प्राइड इन युवर वर्क’. तेच क्रियापद झालं की ‘ऑन’ लागतं, आणि मध्ये ‘मायसेल्फ’, ‘हरसेल्फ’ असं काहीतरी यावंच लागतं. ‘आय प्राइड माय सन’ हे इंग्रजी नव्हे.

मुलीचं ‘ऑन’ बहुधा हिंदीतून आलं असावं. हिंदीत ‘पिता पर गर्व’ असतो. मराठीत वडिलांचा अभिमान असतो, आणि ‘चा’ला ‘ऑफ’ नेमकं जुळतं. मराठीतून विचार केला की ही चूक होतच नाही. ‘ऑफ’पुढे क्रियापद आलं तर त्याला ‘आयएनजी’ लावा : ‘प्राउड ऑफ विनिंग’. नाहीतर सरळ ‘प्राउड टू विन’ म्हणा.

आता अर्थ. ‘ऑफ’ लावून कशाचा अभिमान ते सांगितलं की अर्थ बहुतेक वेळा चांगला. नुसतं ‘ही इज अ प्राउड मॅन’ म्हटलं तर तो मानी आहे की ताठ, हे मागच्यापुढच्या वाक्यांवरून ठरवावं लागतं. ‘टू प्राउड टू आस्क फॉर हेल्प’मध्ये मात्र नडणारा ताठाच आहे. म्हणून नोकरीच्या अर्जात ‘आय अ‍ॅम अ प्राउड पर्सन’ कधीही लिहू नका. ‘आय टेक प्राइड इन माय वर्क’ लिहा. ‘आय होप यू आर प्राउड ऑफ युवरसेल्फ’ हे वाक्य कानावर आलं तर बहुधा तो टोमणा असतो : काय दिवे लावलेस!

निव्वळ दोष दाखवायचा तर ‘अ‍ॅरोगंट’ किंवा ‘हॉटी’ वापरा. ‘हॉटी’च्या स्पेलिंगमध्ये ‘जीएच’ आहे, पण त्याचा उच्चार होत नाही. फ्रेंचमधल्या ‘उंच’ या अर्थाच्या शब्दावरून हा आला. वरून खाली बघणारा तो हॉटी. 1611च्या इंग्रजी बायबलात नाशाच्या आधी गर्व आणि पतनाच्या आधी ‘हॉटी’ वृत्ती येते, असं वचन आहे. तेच आखडून ‘प्राइड गोज बिफोर अ फॉल’ झालं. आपलं ‘गर्वाचे घर खाली’ त्याला चपखल बसतं.

याच म्हणीमुळे एक आग्रह : मराठीत ‘आय अ‍ॅम प्राउड ऑफ यू’ला ‘मला तुझा गर्व आहे’ म्हणू नका. हिंदीत ‘गर्व’ चांगला आणि ‘अभिमान’ वाईट. मराठीत नेमकं उलट. जाहिरातींतून हा ‘गर्व’ मराठीत घुसतो आहे, आणि आपल्याकडचा एक नेटका भेद त्यात पुसला जातो आहे.

प्रश्न : कपाट जोडण्याच्या इंग्रजी सूचनांत ‘स्क्रू हेड्स मस्ट नॉट बी प्राउड ऑफ द सरफेस’ असं वाचलं. स्क्रूला कसला अभिमान?

उत्तर : इथे ‘प्राउड’ म्हणजे पृष्ठभागाच्या वर आलेला. ‘1 मिमी प्राउड’ म्हणजे 1 मिलिमीटर वर. अगदी समपातळीत असेल तर ‘फ्लश’. वरून बोट फिरवा. डोकं लागलं तर स्क्रू काढून भोकाचं तोंड काउंटरसिंक बिटने (ड्रिलला लावायच्या शंकूच्या आकाराच्या पात्याने) थोडं रुंद करा आणि पुन्हा बसवा. नुसता जोर लावून पिळलात तर पार्टिकल बोर्डातलं भोक सैल होतं आणि स्क्रू धरत नाही. जखम भरताना वर येणाऱ्या जादा मांसालाही इंग्रजीत ‘प्राउड फ्लेश’ म्हणतात, ते याच अर्थाने.