तुमचे प्रश्न : चुकीच्या नावाचा माणूस आणि भर दुपारची भीती

मागच्या अंकात मी दोन ओळी लिहिल्या होत्या, की मे महिन्यात नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर चादर बांधून दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकचा १९५९ चा 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' दाखवला आणि सात वर्षांच्या पोरापासून पहिल्या मजल्यावरच्या आजींपर्यंत कोणीही मध्येच उठून खाली गेलं नाही. त्यावर ठाणे-नवी मुंबईतून इतके मेसेज आलेत की यावेळचं अख्खं सदर त्याच सिनेमाला देतोय. पाहिला नसेल तर आधी पाहा, कारण खाली सगळंच बोललोय.

गोष्ट थोडक्यात सांगतो. रॉजर थॉर्नहिल (कॅरी ग्रँट) हा न्यूयॉर्कमधला जाहिरातवाला. हॉटेलात बसलेला असताना आईला तार करायची म्हणून तो पोऱ्याला हात करतो, नेमका तेव्हाच तो पोऱ्या 'जॉर्ज कॅप्लन' अशी हाक मारत फिरत असतो, आणि दारात उभे असलेले दोन गुंड समजतात की हाच कॅप्लन. झालं. तिथून पुढे अपहरण, खुनाचा आळ, ट्रेन, विमान, डोंगरकडा. आणि कॅप्लन नावाचा माणूस मुळात नसतोच, शत्रूला चकवायला सरकारी हेरखात्याने तयार केलेलं ते नुसतं नाव असतं.

हेरगिरीचे शेकड्याने सिनेमे आले, त्यातले कितीतरी आता नावानेही आठवत नाहीत. मग हाच का टिकला? (वर्तकनगर, ठाणे)

माझ्या मते एकच कारण. यातला हिरो हेर नाहीये. त्याला बंदूक चालवायचं ट्रेनिंग नाही, खिशात कसलं यंत्र नाही, त्याची संध्याकाळची नाटकाची तिकिटं काढलेली आहेत आणि आई वाट बघतेय. तो आपल्यातलाच आहे. आणि त्याच्यावर जे ओढवतं ते आपल्या सगळ्यांच्या बाबतीत कधी ना कधी, लहान प्रमाणात का होईना, झालेलं असतं.

मागे एका कार्यालयात मी एका दाखल्यासाठी गेलो होतो, तिथे माझ्याच नावाच्या आणि आडनावाच्या दुसऱ्या कोणाची तरी थकबाकी निघाली आणि खिडकीमागचे साहेब म्हणाले आधी ती भरा मग पुढचं बोलू. मी आधार दाखवलं, पॅन दाखवलं, जन्मतारीख वेगळी आहे म्हटलं, वडिलांचं नाव वेगळं आहे म्हटलं, पण मी जेवढं जास्त बोलत गेलो तेवढे ते माझ्याकडे जास्तच संशयाने बघत गेले. दोन तास. शेवटी सुटलो, पण त्या दोन तासांत घशाला पडलेली कोरड मी विसरलेलो नाही.

सिनेमात हेच आहे, फक्त थकबाकीच्या जागी जीव आहे. थॉर्नहिल आईला घेऊन कॅप्लनच्या खोलीत जातो, तिथे लटकवलेला सूट अंगाला लावून बघतो तर तो आखूड निघतो, म्हणजे आपण कॅप्लन नाही याचा पुरावाच हातात येतो. पण साफसफाईची बाई त्याला मिस्टर कॅप्लन म्हणते, कपडे घेऊन येणारा माणूसही कॅप्लनच म्हणतो, कारण खऱ्या कॅप्लनला कोणी पाहिलेलंच नाही, या खोलीत आहे तो कॅप्लन एवढंच त्यांना माहीत. तेवढ्यात फोन वाजतो, हा उचलतो आणि पलीकडच्या गुंडांची खात्रीच पटते.

गच्चीवर आमच्या शेजारच्या काकांनी फार छान सांगितलं. अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'मध्ये लखोबा तोच असतो आणि नाही म्हणतो, आणि कोर्टात लोक चक्रावतात. इथे हा बिचारा खरंच तो नाहीये, खरंच सांगतोय, आणि ऐकणारा एकही नाही. मला तर ही दुसरी गोष्ट जास्त भीतीची वाटते.

मक्याच्या शेताजवळचा सीन. कितीतरी वेळ काहीच होत नाही तरी माझ्या पोटात गोळा आला. हे कसं जमवलंय? (उलवे)

तुम्ही उलव्याचे, म्हणजे तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं समजेल. एप्रिलमध्ये दुपारी दीडला मी तुमच्याकडे एका स्टॉपवर बससाठी उभा होतो. सहापदरी रस्ता, दोन्ही बाजूंना मोकळे प्लॉट, झाड नाही, दुकान नाही, सावली माझ्या पायाएवढी. रस्त्याच्या पलीकडे एक माणूस येऊन उभा राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. बस. तो बिचारा रिक्षाची वाट बघत असणार, पण मी हा सीन पाहिलेला असल्यामुळे माझ्या अंगावर काटा आला, भर उन्हात.

हिचकॉकने हे ठरवून केलं होतं. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रूफोला दिलेल्या मोठ्या मुलाखतीत त्याने सांगितलंय की अशा वेळी सिनेमावाले नेहमी काय करतात, तर रात्र, पावसाने ओला रस्ता, दिव्याच्या खांबाखाली उभा केलेला माणूस, काळं मांजर, खिडकीमागे कोणीतरी. त्याला यातलं काहीच नको होतं. म्हणून त्याने लख्ख ऊन घेतलं आणि जिथे लपायला जागा नाही असं सपाट माळरान घेतलं. अंधारात निदान आपणही लपू शकतो हो, पण उन्हात कुठे जाणार?

आता नीट बघा तो सीन कसा चालतो. कॅप्लनला भेटायला म्हणून आलेल्या थॉर्नहिलला बस सोडून निघून जाते, कॅमेरा खूप उंचावर, माणूस मुंगीएवढा. एक गाडी येते, जाते. दुसरी येते, जाते. ट्रक धूळ उडवून जातो. प्रत्येक वेळी वाटतं आता काहीतरी होणार आणि होत नाही. मग कच्च्या रस्त्याने एक गाडी येऊन समोरच्या बाजूला एका माणसाला उतरवते. दोघं रस्त्याच्या दोन कडांना, कोट घातलेला शहरी माणूस आणि गावाकडचा माणूस. शेवटी थॉर्नहिल रस्ता ओलांडून विचारतो, तुम्हीच कॅप्लन का? तो म्हणतो नाही बुवा, मी बसला थांबलोय. आणि बस येता येता सहज बोलून जातो की ते विमान औषध फवारतंय पण तिथे तर पीकच नाहीये. बस त्याला घेऊन जाते.

हे एक वाक्य! धमकी नाही, आरडाओरडा नाही, शेतीची माहिती असलेला माणूस बोलतो तसं साधं निरीक्षण, आणि आपल्याला धोका कळतो थॉर्नहिलच्या क्षणभर आधी. मग विमान वळतं.

संगीतही नाही. बर्नार्ड हरमन या माणसाने सिनेमाला जबरदस्त संगीत दिलंय, सुरुवातीलाच असं काही वाजतं की खुर्चीत सरसावून बसावं, पण इथे विमान टँकरवर आदळेपर्यंत तो गप्प आहे. फक्त वारा, गाड्या, इंजिनाचा आवाज. त्या रात्री आमच्या गच्चीवर लांबून लोकलचा भोंगा ऐकू आला तर चार-पाच जण दचकले. आणि हो, गोष्टीत ही जागा इंडियाना राज्यात आहे, पण शूटिंग झालं कॅलिफोर्नियात बेकर्सफिल्डच्या बाजूला.

दोनदा पाहिला तरी मला कळलं नाही की मूर्तीत लपवलेल्या मायक्रोफिल्ममध्ये नेमकं काय होतं? (ऐरोली)

कोणालाच कळत नाही, तुमचं काही चुकलेलं नाही. सरकारी गुपितं, एवढंच. हिचकॉक अशा गोष्टीला 'मॅकगफिन' म्हणायचा, म्हणजे जिच्यासाठी पात्रं जीव टाकतात पण प्रेक्षकाला जिच्याशी देणंघेणं नसतं अशी वस्तू, आणि यातला मॅकगफिन त्याला स्वतःचा सगळ्यात चांगला वाटायचा कारण तो सगळ्यात पोकळ होता. विमानतळावर हेरखात्याचा म्हातारा प्रोफेसर थॉर्नहिलला सगळं समजावून सांगतो तेव्हा विमानाच्या पंख्यांच्या आवाजात त्याचं बरंचसं बोलणं बुडवूनच टाकलंय. म्हणूनच तो आजही जुना वाटत नाही असं मला वाटतं. त्यात एखादं १९५९ चं ठरावीक शस्त्र किंवा फॉर्म्युला असता तर आज आपण म्हणालो असतो, हे काय, हे तर आता मोबाईलमध्ये असतं.

ईव्ह केंडल आधी त्याला ट्रेनमध्ये वाचवते आणि मग तीच त्याला मरायला त्या शेतात पाठवते. मला तिचा भयंकर राग आला, पण माझी आई म्हणते खरी शूर तीच आहे. कोण बरोबर? (वाशी, कॉलेज विद्यार्थिनी)

आई बरोबर आहे. पण तुझा रागही बरोबर आहे, कारण तेव्हा आपल्याला अर्धंच माहीत असतं.

थॉर्नहिल नाइलाजाने अडकलाय. ईव्ह मात्र सरकारची हेर म्हणून स्वतःहून शत्रूच्या घरात राहिलीय, खलनायकाच्या शेजारी बसून हसतेय, आणि तिला माहितीये की एक चूक झाली की संपलं. ईव्हा मेरी सेंटने ते किती कमी हालचालीत केलंय बघ. शेतातून तो वाचून हॉटेलात येतो आणि दार उघडल्यावर ती धावत येऊन त्याला मिठी मारते, तिला खरंच सुटल्यासारखं झालंय. पण त्याचे हात पाहा. ते तिच्या डोक्यामागे हवेतच थांबतात, टेकत नाहीत. जवळ घ्यावं की गळा धरावा हे त्याला स्वतःलाच कळत नाहीये. एक शब्द नाही, फक्त दोन हात. त्यासाठी सिनेमा परत लाव आणि फक्त हातच बघ.

दारू पाजून त्याला गाडीत बसवतात तेव्हा मागचा रस्ता एकदम खोटा दिसतो. आणि कॅफेटेरियात गोळी सुटायच्या आधीच एक मुलगा कानात बोटं घालतो, खरं आहे का? (खारघर, इयत्ता नववी)

दोन्ही खरं! गाडी स्टुडिओत उभी आणि मागे पडद्यावर आधी शूट केलेला रस्ता, तेव्हाची पद्धतच ती, पण खोटं दिसतं ते दिसतंच, मला तो भाग थोडा लांबलेलाही वाटतो. आणि तो मुलगा मागच्या टेबलावर बसलाय, आधी तालीम झालेली असणार, आता आवाज होणार हे त्याला माहीत होतं. मला त्याच्यावर फार माया आहे. आमच्या गच्चीवर सात वर्षांच्या पोराने तो पहिल्याच फटक्यात पकडला, मोठ्यांपैकी कोणालाच दिसला नव्हता.

राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेल्या त्या डोंगरावर खरंच मारामारी शूट केली का? (कळवा)

नाही. माउंट रशमोर म्हणजे अमेरिकेचं राष्ट्रीय स्मारक, १९२७ ते १९४१ इतकी वर्षं कोरत होते, एकेक चेहरा साधारण ६० फुटांचा. त्या चेहऱ्यांवर हाणामारी करायला परवानगी मिळाली नाही, मग कड्याचे भाग एमजीएम स्टुडिओत बांधले. संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीतही शूटिंगला नकार आला, तेव्हा हिचकॉकने समोर एका गाडीत कॅमेरा लपवून कॅरी ग्रँटला सरळ पायऱ्या चढून आत जाताना टिपलं आणि आतला हॉल स्टुडिओत उभारला. आज सगळं कॉम्प्युटरवर होतं, ते वाईट असं नाही म्हणत मी, पण सुताराने बांधलेल्या कड्यावर बोटं रुतवून लटकलेला माणूस बघताना आपले तळवे ओले होतात तेव्हा मला त्या सुतारांना नमस्कार करावासा वाटतो.

जेम्स बाँड यापेक्षा सरस नाही का? (कोपरी, ठाणे पूर्व)

बाँडचा पहिला सिनेमा १९६२ चा, म्हणजे हा त्याच्या आधीचा. १९६३ च्या दुसऱ्या बाँडपटात हेलिकॉप्टर माळरानावर बाँडच्या मागे लागतं, तो सीन बघा आणि मग हा विमानाचा सीन बघा, ऋण कुठलं ते लगेच कळेल. मला बाँड आवडतो, पण बाँड मरणार नाही हे त्यालाही माहीत असतं.

शेवट गुंडाळल्यासारखा नाही वाटत? ती कड्याला लटकलीय आणि एकदम दोघं ट्रेनमध्ये! (नेरूळ)

आमच्या पहिल्या मजल्यावरच्या आजींनीही हेच विचारलं, "अरे पण ओढलं ना वर तिला त्याने?" मी म्हटलं आजी, ओढलंच की. तो कड्यावरून हात देतो, ये म्हणतो, आणि वर ओढता ओढता ती थेट ट्रेनच्या वरच्या बर्थवर येते आणि तो तिला मिसेस थॉर्नहिल म्हणतो. सुटका आणि लग्न एकाच हिसक्यात. मला हा सिनेमातला सगळ्यात आनंदाचा क्षण वाटतो, यापुढे एक मिनिटही जास्त असतं तर सैल पडलं असतं. पण आजींचं समाधान झालं नाही. मग मागे नेऊन दोनदा दाखवलं, तिसऱ्यांदा त्या स्वतःच "ओढ, ओढ" म्हणाल्या आणि सगळी गच्ची हसली.

आम्हालाही सोसायटीत दाखवायचाय, काय काळजी घ्यावी? (घोडबंदर रोड)

सिनेमा १३६ मिनिटांचा आहे, साडेआठला सुरू करा म्हणजे अकराच्या आत आवरेल. मध्यंतर विमान टँकरवर आदळल्यावर घ्या, त्याआधी घेतलंत तर लोक भांडतील. पडद्यावर खाली येणारी सबटायटल्स वाचता येत नाहीत त्या लहान मुलांच्या शेजारी एकेक मोठं माणूस बसवा, हळू आवाजात सांगायला. चादर डबल बेडची, पांढरी, बिनफुलांची, आणि खालच्या दोन्ही टोकांना विटा बांधा, कारण आमच्याकडे वारा सुटला तेव्हा लिंकनचं नाक फार हलत होतं.