फ्रान्सिस्कन परंपरेत अंतःकरणाचे परिवर्तन म्हणजे नेमके काय?

घरदार सोडून दारिद्र्य पत्करणे म्हणजेच संत फ्रान्सिसचे (इटलीतल्या असिसीचा, फ्रान्सिस्कन संघाचा संस्थापक) हृदयपरिवर्तन का, आणि तसे असेल तर संसारी माणसाने त्यातून काय घ्यावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दारिद्र्य हे त्या परिवर्तनाचे फळ आहे. मूळ वेगळे आहे.

ते मूळ फ्रान्सिसने १२२६ मध्ये, मृत्यूच्या थोडे आधी, लिहवून घेतलेल्या मृत्युपत्राच्या आरंभीच सापडते. असिसीच्या सधन कापडव्यापाऱ्याच्या या मुलाला कुष्ठरोग्यांकडे पाहणेही कडू वाटे. प्रभूनेच आपल्याला त्यांच्यात नेले, आपण त्यांच्यावर दया केली आणि परतताना जे कडू होते तेच देहाला व जिवाला गोड झाले, असे तो सांगतो. कपडे, पैसा, उपवास यांचा येथे अजून उल्लेखही नाही. ज्याची किळस येत होती त्याचीच ओढ लागली, एवढीच हकिकत आहे, आणि मला तीच सर्वांत कठीण वाटते, कारण वस्तू निश्चयाने सोडता येतात, पण किळस निश्चयाने जात नाही.

त्याच्या उपदेशवचनांपैकी चौदावे या बाबतीत फार रोखठोक आहे. प्रार्थना आणि उपवास यांत गढलेले पुष्कळ जण एखादा शब्द झोंबला किंवा एखादी वस्तू कोणी काढून घेतली की लगेच बिथरतात. असे लोक मनाने दरिद्री नव्हेत, असे तो स्पष्ट म्हणतो. आपल्याकडे वारी आणि एकादशी नेमाने करणाऱ्यांनाही हे ऐकवण्यासारखे आहे.

जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये मुख्य वेदीवर क्रूसावरचा येशू आणि त्याच्याजवळ फ्रान्सिस अशा मोठ्या मूर्ती आहेत, आणि खाली त्याची तीन व्रते कोरली आहेत: दारिद्र्य, नम्रता, आज्ञापालन. मठ पाहायला आलेले बहुतेक जण शेजारच्या संग्रहालयाकडे वळतात; मला मात्र त्या तिघांतली मधली नम्रताच उरलेल्या दोघींना धरून ठेवणारी वाटते.

राहिला संसाराचा प्रश्न. गृहस्थांसाठी फ्रान्सिस्कन तिसरा संघ आहे आणि त्याच्या १२२१ च्या नियमावलीत घर सोडायला सांगितलेले नाही. शेजाऱ्यांशी समेट करावा, दुसऱ्याचे घेतलेले परत करावे, शस्त्र हाती धरू नये, असे सांगितले आहे. फ्रान्सचा राजा नववा लुई आणि हंगेरीची एलिझाबेथ हे या संघाचे आश्रयदाते संत मानले जातात, आणि दोघेही संसारी होते. ईस्टरआधीच्या उपवासकाळात गोव्यातल्या गोवा वेल्हा या गावी संतांच्या मूर्तींची जी मिरवणूक निघते, तिची परंपरा याच संघाची आहे. आपण आधी मृत्युपत्र वाचावे; ते अवघे काही पानांचे आहे.