बीट, ब्रश आणि नाट्यगीतांची तबकडी

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र सोबतच्या छायाचित्रासह आणि चिरंजीवांच्या दोन मिनिटांच्या ध्वनिफितीसह मिळाले. तो बारावी विज्ञान शाखेत आहे, रात्री दीड-दोनपर्यंत हेडफोन लावून शब्दांविना हिप-हॉपचे बीट, म्हणजे रॅपखाली वाजणारे ठेक्याचे संगीत, रचतो आणि गेल्या महिन्यात त्याने आजोबांच्या संग्रहातील नाट्यगीतांच्या तबकडीचे वेष्टनच ॲक्रिलिकने रंगवून टाकले, असे आपण लिहिले आहे. ‘याला व्यवसाय म्हणावे की खूळ, आणि संगीत व चित्र यांपैकी एक काहीतरी निवड असे त्याला सांगावे का?’ असा आपला प्रश्न आहे.

वेष्टनाबद्दल आपला संताप रास्त आहे. मात्र ही कल्पना त्याने हवेतून काढलेली नाही. लॉस एंजेलिसमधील टीब्ज, म्हणजे म्टेंडेरे मंडोवा, हा संगीतकार जुन्या तबकड्यांच्या वेष्टनांवर चित्रे रंगवण्यासाठीच ओळखला जातो आणि त्याच्या 2010 मधील पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर त्याचेच चित्र आहे. जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा उचलून त्यावर नवे थर चढवायचे, ही सॅम्पलिंगची रीत. छापील वेष्टनावर रंग चढवणे हे त्याच रीतीचे दृश्य रूप आहे. म्हणूनच दोहोंपैकी एक सोडायला सांगू नये, असे माझे मत आहे. ध्वनिफितीत पत्र्यावरच्या पावसाखाली पेटीचे चार सूर तोडून उलटसुलट लावले आहेत. छायाचित्रातील वेष्टनावरही गायकाचा चेहरा तसाच तुकड्यातुकड्यांनी झाकला आहे. हात एकच आहे, हे कोणालाही दिसावे.

आता पोटापाण्याचे. टीब्जचे पूर्ण लांबीचे अल्बम 2010, 2014 आणि 2019 साली आले. अशा अंतराने येणाऱ्या संगीतावर घरखर्च चालेल, असे गृहीत धरता येत नाही. त्याच शहरात 2006 ते 2018 या काळात दर बुधवारी ‘लो एंड थिअरी’ नावाची संगीतरात्र भरत असे आणि या प्रकारच्या अनेक संगीतकारांना पहिला जाणता श्रोता तिथे मिळाला. आपल्याकडे असे हक्काचे ठिकाण सहज सापडत नाही, त्यामुळे मुलाला आपले वर्तुळ स्वतःच जमवावे लागेल. सुरुवातीची काही वर्षे चित्राच्या बाजूने पैसा येईल आणि संगीताच्या बाजूने ओळख होईल, असे धरून आखणी करावी. अल्बमची मुखपृष्ठे, पोस्टर, मोशन ग्राफिक्स (पडद्यावर हलणारी चित्रे व अक्षरे), मंचामागच्या पडद्यावरील दृश्ये ही मागणी असलेली कामे आहेत. बीटला गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः रॅपर, जाहिराती आणि वेब मालिकांचे पार्श्वसंगीत.

त्यामुळे बारावीनंतर उपयोजित कलेची चार वर्षांची पदवी मला सर्वांत सोयीची वाटते. महाराष्ट्रात त्यासाठी राज्याची कला सीईटी द्यावी लागते, आणि तिच्या रेखाटनाच्या सरावाला आत्तापासून लागावे. भौतिकशास्त्र मात्र त्याने टाकू नये. पुढे पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-प्रशिक्षण संस्थेत ध्वनीचा अभ्यासक्रम करावासा वाटला, तर पदवीबरोबरच बारावीला भौतिकशास्त्र असणे उपयोगी पडते. प्रवेशाच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहून घ्याव्यात.

मला खरी काळजी वाटते ती हक्कांची. त्या पेटीचे सूर आजोबांच्या तबकडीतलेच असावेत. घरी सराव म्हणून ते वापरण्याने फारसे बिघडत नाही, पण प्रसिद्ध करताना दोन वेगळ्या परवानग्यांचा विचार करावा लागतो. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षे टिकतो, तर मूळ चालीचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. म्हणजे तबकडी ‘जुनी’ झाली तरी चाल मोकळी झालेली असतेच असे नाही. अमेरिकन गायिका ट्रुथ हर्ट्सच्या 2002 मधील गाण्यात लता मंगेशकरांच्या आवाजातील, बप्पी लाहिरींनी संगीत दिलेल्या गीताचा तुकडा विनापरवानगी वापरला गेला. प्रकरण लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेले आणि लाहिरींना श्रेय दिल्याशिवाय विक्री करण्यास मनाई झाली. पेटी शेजारच्या कोणाकडून वाजवून घेऊन स्वतःच्या चालीत ध्वनिमुद्रित करणे अधिक स्वस्त पडते, आणि माझ्या कानाला तेच अधिक गोडही लागते.

चित्राबाबतही एक खाच आहे. पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून रंगवलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, काम सांगणाऱ्याकडे जातो. म्हणून पहिल्या मुखपृष्ठापासून अर्ध्या पानाचा का होईना, लेखी करार करण्याची सवय त्याला लावावी. संगीताच्या रॉयल्टीसाठी, म्हणजे रचना वापरल्याबद्दल मिळणाऱ्या मानधनासाठी, संगीतकारांना आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) या संस्थेचे सदस्य होता येते. पहिली रचना प्रसिद्ध झाल्यावर ते काम करून टाकावे.

परीक्षेपर्यंत बीटची वेळ रात्री साडेदहाला संपावी, अशी अट आपण घालू शकता. मोबदल्यात त्याला रद्दीवाल्याकडची दहा-वीस रिकामी वेष्टने आणून द्यावीत. आजोबांची तबकडी मात्र साध्या कागदी पाकिटात घालून उभी ठेवावी, आडवी रचल्यास ती वाकते.

आपला,
करिअर मार्गदर्शक