खानावळ उघडायची आहे, पण थकलेल्या भाड्याचे काय?

प्रश्न (ऑक्टोबर २०२०) : पुण्यात माझी चाळीस आसनांची खानावळ आहे. गाळा लिव्ह अँड लायसन्सवर असून नोंदणीकृत कराराची चौदा महिने मुदत बाकी आहे. मार्चअखेरीस कोरोनाच्या टाळेबंदीत सर्व बंद झाले. जूनपासून फक्त पार्सल देतो. आता ५ ऑक्टोबर २०२० पासून निम्म्या आसनक्षमतेने ग्राहक बसवण्याची परवानगी मिळाली, तर गाळामालक म्हणतात, सहा महिन्यांचे भाडे दिल्याशिवाय कुलूप लावीन. सरकारनेच बंद करायला लावले, मग भाडे कशाचे? कामगारही मागचा पगार मागतात. शिवाय एखाद्या ग्राहकाला लागण झाली तर?

उत्तर : भाडे कशाचे, हा आपला सवाल माणूस म्हणून मला पटतो, न्यायालयात मात्र तो टिकेल असे वाटत नाही. खान मार्केटमधील एका दुकानाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २१ मे २०२० रोजी भाडेस्थगितीची मागणी फेटाळली आणि भाडेकरूला रक्कम भरण्यास केवळ काही मुदत वाढवून दिली. हा निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही आणि आपला व्यवहार भाडेपट्ट्याचा नसून अनुज्ञप्तीचा, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सचा आहे, त्यामुळे करार कायद्याच्या कलम ५६ चा आधार घेऊन पाहता येईल. पण ते कलम करार पार पाडणेच अशक्य झाले असेल तेव्हासाठी आहे, धंदा बसला म्हणून नव्हे. त्यातच आपले सामान गाळ्यात होते आणि जूनपासून त्याच स्वयंपाकघरातून पार्सल जात होते, हा मुद्दा समोरचा वकील पहिल्याच तारखेला मांडेल. म्हणून आधी करार काढून नैसर्गिक आपत्ती किंवा सरकारी बंदीबाबत कलम आहे का, ते शब्दशः वाचा. असल्यास माझे वरील मत बदलू शकेल.

कुलुपाच्या धमकीला मात्र घाबरू नका. थकबाकी वसूल करण्याचा मार्ग न्यायालयातून जातो, शटरवरून नव्हे. अनुज्ञप्ती रद्द झाली तरीही सुविधाधिकार (ईझमेंट्स) कायद्याच्या कलम ६३ नुसार जागा सोडण्यास व सामान हलवण्यास वाजवी मुदत मिळतेच. मालकांना हे लेखी कळवा आणि त्याच पत्रात तोडगा सुचवा : बंद काळातील भाड्यात सूट, उरलेल्या थकबाकीचा काही भाग अनामत रकमेतून वळता, बाकीचे हप्ते. आज रिकामा गाळा पुन्हा भरणे त्यांनाही सोपे नाही. जे ठरेल त्याचा पुरवणी करार करून तो नोंदवून घ्या. चहावर ठरलेली सूट सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही.

पगाराबाबत, संपूर्ण वेतन देण्याचा केंद्राचा २९ मार्चचा आदेश १८ मेपासून मागे घेतला गेला, आणि मधल्या काळाबाबत मालक-कामगारांनी वाटाघाटीने मार्ग काढावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १२ जून रोजी सांगितले. तेव्हा प्रत्येकाशी रक्कम ठरवून सही घ्या. ती बँकेतून दिलेली बरी.

ग्राहकाला लागण आपल्याच खानावळीत झाली, हे सिद्ध करणे त्याला अवघड जाईल. खरा धोका नियमभंगाचा आहे. विसाऐवजी पंचवीस जण बसवले, तर कोणी आजारी पडो वा न पडो, आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५१ आणि भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली कारवाई होऊ शकते. ‘स्वतःच्या जबाबदारीवर प्रवेश’ ही पाटी त्यातून वाचवणार नाही. त्यापेक्षा कामगारांचे रोजचे तापमान आणि निर्जंतुकीकरणाच्या वेळा लिहिलेली वही गल्ल्याजवळ ठेवा.