गणपती कधी ऑगस्टमध्ये, कधी सप्टेंबरमध्ये का येतात?
कारण आपले सण चंद्राच्या तिथीवर ठरतात आणि ऋतू सूर्यावर. बारा चांद्रमास ३५४ दिवसांतच संपतात, त्यामुळे चतुर्थी अलीकडे सरकते: २०२३ मध्ये १९ सप्टेंबर, २०२४ मध्ये ७ सप्टेंबर, २०२५ मध्ये २७ ऑगस्ट. असंच चाललं असतं तर कधीतरी गणपती भर उन्हाळ्यात आले असते! म्हणून साधारण ३३ महिन्यांनी अधिक मास येतो, आपला धोंड्याचा महिना. जावयाला ३३ अनारसे देतात ते याच महिन्यात. मला तर ते आकाशाचं गणित ताटात वाढल्यासारखं वाटतं. १९ वर्षांत असे ७ महिने येतात आणि तिथी-तारखा जवळपास पुन्हा जुळतात. २००४ मध्ये अधिक श्रावण होता, २०२३ मध्येही. आपल्या १९व्या वाढदिवसाची तिथी पंचांगात जरूर बघा.