पूरग्रस्त गावांना उंचावर जागा देऊनही लोक नदीकाठी परत का येतात?

लोक हट्टी असतात म्हणून, असं बरेच जण गृहीत धरतात. थोडा हट्ट असतोही. पण कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखली आणि आंबेवाडीचं बघा. १९८९ च्या पुरानंतर त्यांना उंचावर सोनतळीला प्लॉट मिळाले. तरी २०१९ आणि २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांवर गेली (धोक्याची पातळी ४३), तेव्हा चिखलीतून माणसं बोटीनं काढावी लागली.

पुनर्वसनाच्या आराखड्यात घर मोजतात, गोठा सुटतो. एका म्हशीला छपराखाली साधारण ४० चौरस फूट आणि मोकळी ८० चौरस फूट जागा लागते. चार म्हशींना झाले पाचशेच्या आसपास. वैरण आणि उकिरडा वेगळा. गुंठ्या-दीड गुंठ्यात घर बांधून हे बसवायचं कुठं? पाण्याचंही तेच. नळयोजना माणशी ५५ लिटर धरून आखतात आणि दुभती म्हैस एकटी दिवसाला ६० ते ८० लिटर पिते. मग जनावरं जुन्या गोठ्यातच राहतात. पहाटे धार, संध्याकाळी धार, मध्ये उसाला पाणी; महिन्याभरात अंथरूणही तिकडेच जातं.

दुसरी अडचण कागदाची. मोजणी होऊन प्रॉपर्टी कार्ड हातात पडेपर्यंत बँक दारात उभी करत नाही. जमीन वर्ग २ ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) असली तर तारण ठेवायलाही परवानगी काढा. त्यात जुनं घर सरकारजमा करायची अट घातली की माणूस दोन्ही दगडांवर पाय ठेवतो, आणि त्याचं चुकतं असं मला वाटत नाही. जुन्या जागेची मालकी राहू द्यावी. निळ्या पूररेषेच्या (साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या) आत नव्या राहत्या घराला मात्र परवानगी देऊ नये. कडब्याला, अवजारांना शेड चालेल. आणि प्लॉटची यादी चुलीप्रमाणे, म्हणजे वेगळं रांधणाऱ्या प्रत्येक कुटुंबाप्रमाणे करावी. एका खातेदाराला एक प्लॉट दिला की पोरं वेगळी होतात तेव्हा धाकटा जुन्या घरात परततो.

जागा लाल रेषेबाहेरची, म्हणजे शंभर वर्षांतल्या मोठ्या पुराच्याही वर हवी. तिथं जाणारा रस्ताही तेवढाच उंच हवा, नाहीतर नवं गाव पुरात बेट होतं. भराव आठ-आठ इंचांचे थर देऊन, पाणी मारून, रोलरनं दाबायचा आणि बांधकामाआधी एक पावसाळा जाऊ द्यायचा. नव्या माळीणमध्ये (पुणे जिल्ह्यातलं दरडीखाली गाडलेलं गाव, दुसऱ्या जागी वसवलेलं) २०१७ च्या पहिल्याच पावसात भराव खचला, रस्त्यांना भेगा पडल्या.

कामाचा क्रम लावायचा तर आधी रस्ता आणि पाणी, मग गोठे, दूध संकलन केंद्र आणि शाळा, घरं त्यानंतर.